कानाशी कुजबुज : शास्त्र किती, जाहिरात किती?

रात्री अंथरुणावर पडल्यावर कानाला इअरफोन लावायचा आणि कोणीतरी अनोळखी व्यक्ती हलक्या आवाजात कुजबुजते आहे, कागदाची घडी घालते आहे, लाकडावर नखांनी टकटक करते आहे किंवा मऊ ब्रश मायक्रोफोनवरून फिरवते आहे, ते ऐकत झोपी जायचे, ही सवय आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. जवळा बाजारसारख्या गावातील नववी-दहावीच्या मुलांनाही ‘एएसएमआर’ ही अक्षरे ठाऊक झाली आहेत. परीक्षेच्या दिवसांत ‘याने मन शांत होते, लवकर झोप लागते, अभ्यासात लक्ष लागते’ असे मुले एकमेकांना सांगतात आणि मग शिक्षकांना विचारतात, ‘सर, हे खरे आहे का?’ या प्रश्नाला ‘मोबाइल बाजूला ठेवा’ हे उत्तर पुरेसे नाही. म्हणून आम्ही अशा ध्वनिमुद्रणांचा एक बरा मोठा साठा ऐकला, त्यावर झालेले संशोधन वाचले, आणि या लेखात दोन्हींचे परीक्षण करीत आहोत.

प्रथम अनुभवाविषयी. काही माणसांना विशिष्ट आवाज ऐकताना किंवा कोणी हळुवार, लक्षपूर्वक काम करताना पाहिले की टाळूपासून मानेकडे, कधी पाठीच्या कण्यातून खाली, एक सुखद शिरशिरी उतरत जाते. अंग सैल पडते, डोळे जड होतात. हा अनुभव मोबाइलने निर्माण केलेला नाही. आजी फणीने लिखा काढीत बसली असता मांडीवरच्या नातीला जे वाटते ते हेच. कासार मनगट दाबून, हलकेच बोलत, एकेक बांगडी चढवू लागतो तेव्हा काहींना हे जाणवते. पोस्टात टपालावर शिक्के मारणाऱ्या बाबूकडे पाहताना, सोनाराच्या चिमट्याचा बारीक आवाज ऐकताना, आणि शेजारी उभे राहून गुरुजी वहीवर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करीत असतानाही काहींना हे जाणवते. आमच्या वाचकांपैकी काहींना हे वाक्य वाचताच ओळख पटली असेल. ज्यांना पटली नाही त्यांनी आपल्यात काही उणे आहे असे मानू नये. हा अनुभव सर्वांना येत नाही. ज्यांना येतो त्यांनाही ठरावीक आवाजांनीच येतो, आणि एकच आवाज सारखा ऐकला तर काहींच्या बाबतीत तो बोथटही होतो.

मराठीत याला नेमका एक शब्द नाही, पण जवळचे शब्द पुष्कळ आहेत. झिणझिण्या आणि मुंग्या पाय अवघडल्यावर येतात, त्या सुखद नसतात. शहारा किंवा अंगावर काटा थंडीने, भीतीने अथवा एखाद्या उत्कट गाण्याने येतो. तो क्षणात येतो, क्षणात जातो आणि माणसाला जागे करतो. येथे ज्याविषयी बोलत आहोत तो अनुभव संथ आहे, मिनिटन् मिनिटे टिकतो आणि गुंगीकडे नेतो. आम्ही या लेखात ‘सुखद शिरशिरी’ असे म्हणणार आहोत.

इंग्रजी नावाबद्दल मात्र आमची तक्रार आहे. ‘ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स’ हे भारदस्त नाव कोणा शरीरशास्त्रज्ञाने दिलेले नाही. अमेरिकेतील जेनिफर अ‍ॅलन या बाईंना स्वतःला हा अनुभव येत असे. लोकांना त्याविषयी संकोच न वाटता बोलता यावे म्हणून त्यांनी 2010 मध्ये मुद्दाम दवाखान्यात शोभेल असे नाव तयार केले. ‘मेरिडियन’ म्हणजे येथे कळस, शिखर एवढेच. हेतू चांगला होता आणि तो साधलाही. परंतु नावाच्या वजनामुळे पुढे गोंधळ झाला. एवढे मोठे नाव आहे म्हणजे हा काहीतरी सिद्ध झालेला उपचार असावा, असे ऐकणाऱ्याला वाटू लागले, आणि ध्वनिमुद्रणे विकणाऱ्यांनी तो समज दूर करण्याची घाई केली नाही. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. नामकरण झाले म्हणजे स्पष्टीकरण झाले असे नव्हे. ‘ज्वर’ म्हटल्याने ताप कशाने आला ते कळत नाही.

मग संशोधन काय सांगते? वेल्समधील स्वान्सी विद्यापीठातील एमा बॅरेट आणि निक डेव्हिस यांनी 2015 मध्ये पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी 475 जणांना प्रश्नावली दिली. शिरशिरी कशाने येते, याला 75 टक्क्यांनी कुजबुज, 69 टक्क्यांनी कोणीतरी आपल्याकडे वैयक्तिक लक्ष देणे, 64 टक्क्यांनी कुरकुरीत, खुसखुशीत आवाज आणि 53 टक्क्यांनी संथ हालचाली असे उत्तर दिले. 82 टक्के लोक झोपेसाठी याचा उपयोग करीत होते. हा अनुभव कामुक असतो असा जो आरोप होतो त्यालाही येथे उत्तर मिळाले. त्या हेतूने ऐकणारे केवळ 5 टक्के निघाले. (चीनमध्ये 2018 साली अश्लीलताविरोधी मोहिमेत अशा ध्वनिचित्रफिती काढून टाकण्याचे आदेश निघाले होते, हे ध्यानात घेतले तर या आकड्याचे महत्त्व कळेल.) मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे 475 जण आधीपासूनच असे आवाज आवडीने ऐकणारे होते. हुरड्याच्या पार्टीला आलेल्यांना ‘हुरडा आवडतो का’ असे विचारून गावाची आवड ठरवता येत नाही. त्यामुळे ‘82 टक्के लोकांना झोप येते’ असे जे वाक्य जाहिरातीत दिसते ते त्या अभ्यासाचे वाक्य नाही.

सांगणे वेगळे आणि शरीरात काही घडणे वेगळे. शेफील्ड विद्यापीठातील जुलिया पोएरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये शंभराहून थोड्या अधिक लोकांना अशा चित्रफिती दाखवून त्यांची नाडी मोजली. ज्यांना शिरशिरी येते त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी सुमारे 3 ने कमी झाले. इतरांमध्ये तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे हा केवळ बोलण्याचा भाग नाही. पण याच प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली, तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. त्याच लोकांच्या त्वचेची विद्युत्‌वाहकता वाढली. घाम सुटल्याने ही वाहकता वाढते आणि ती उत्तेजनाची खूण मानतात. शरीर एका बाजूने शांत होत होते आणि दुसऱ्या बाजूने सावधही होत होते. ‘संपूर्ण विश्रांती’ हे वर्णन म्हणून अपुरे आहे. आम्हाला हा या विषयातला सर्वांत विचारात टाकणारा निष्कर्ष वाटतो.

मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेले अभ्यास मात्र फार लहान आहेत. कॅनडातील विनिपेग येथे 2017 मध्ये झालेल्या एका अभ्यासात शिरशिरी येणारे 11 आणि न येणारे 11 जण होते, अमेरिकेतील 2018 च्या दुसऱ्या अभ्यासात 10. एवढ्या संख्येवरून ‘मेंदूतील आनंदकेंद्र पेटते’ अशी रंगीत चित्रे काढून विधाने करणे बरोबर नाही. 2018 मध्येच झालेल्या आणखी एका अभ्यासात असे दिसले की ज्यांना हा अनुभव पूर्वी कधी आलेला नाही, त्यांना आधी काय सांगितले जाते यावर त्यांची उत्तरे बदलतात. शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे. वर्गात ‘आता तुम्हाला टाळूवर शिरशिरी जाणवेल’ असे म्हणून आवाज ऐकवला, तर जे हात वर होतील ते निम्मे आपल्या बोलण्याने वर झालेले असतील.

शिरशिरी का येते याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही. पण हे आवाज इतके जवळचे, जणू कानाच्या पाळीशी आल्यासारखे का वाटतात, हे भौतिकशास्त्राने उत्तम रीतीने सांगता येते, आणि ते वर्गात करूनही दाखवता येते. गवंडी ज्या पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघतात ती सुमारे 1 मीटर लांबीची कोरडी नळी घ्या. एका विद्यार्थ्याला डोळे मिटून बसवा. नळीची दोन टोके त्याने दोन्ही कानांच्या तोंडाशी धरावीत (आत खुपसू नयेत), नळी पाठीमागून लोंबत ठेवावी. नळीचा बरोबर मध्य शाईने खूण करून ठेवा. आता मागे उभे राहून पेन्सिलीने नळीवर हलकेच टिचकी मारा आणि आवाज डावीकडून आला की उजवीकडून ते विचारा. मध्यावर मारले तर तो गोंधळेल. मध्यापासून थोडेसे, एखाददोन सेंटिमीटर, बाजूला मारले तर बहुतेक विद्यार्थी बाजू अचूक सांगतात.

यातला हिशेब पाहा. टिचकी मध्यापासून 1 सेंटिमीटर उजवीकडे मारली तर उजव्या कानाला आवाज 49 सेंटिमीटर आणि डाव्या कानाला 51 सेंटिमीटर प्रवास करून पोचतो. फरक 2 सेंटिमीटरांचा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर धरला तर हा फरक सेकंदाचा सुमारे 17 हजारावा भाग होतो. एवढा सूक्ष्म कालभेद आपला मेंदू ओळखतो. प्रत्यक्षात एका बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाशी डोक्याला वळसा घालून पोचायला सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाएवढाच जास्त वेळ घेतो, आणि दिशाज्ञानाचा मोठा भाग या चिमुकल्या फरकावर उभा आहे. कालभेद आणि तीव्रतेतील भेद या दोन गोष्टींवरून आपण दिशा ओळखतो, ही मांडणी लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्येच केली होती.

तीव्रतेचा भेदही येथे महत्त्वाचा आहे. समोर 2 मीटरवर बोलणाऱ्याचा आवाज दोन्ही कानांत जवळजवळ सारखाच येतो. पण तोंड एका कानापासून 2 सेंटिमीटरवर आणले, तर दुसरा कान ढोबळमानाने त्याच्या दहापट लांब राहतो. ध्वनिदाबात दहापटीचा, म्हणजे 20 डेसिबलांचा फरक पडतो. आयुष्यात असा फरक आपण केव्हा अनुभवतो? आई बाळाच्या कानाशी बोलते तेव्हा, मैत्रीण गुपित सांगते तेव्हा, नाही तर डास कानाशी येतो तेव्हा. चांगली एएसएमआर ध्वनिमुद्रणे दोन मायक्रोफोन कृत्रिम कानांत बसवून हा फरक टिपतात.

आणखी एक साधा प्रयोग. कंठावर बोट ठेवून ‘आ’ म्हणा, नंतर तोच ‘आ’ कुजबुजून म्हणा. पहिल्या वेळी बोटाला थरथर जाणवेल, दुसऱ्या वेळी नाही. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा घासत जाते. त्यामुळे कुजबुजीला सूर नसतो, असतो तो फुसफुसाट, आणि त्यात उच्च कंप्रतेचा वाटा मोठा असतो. 4000 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर म्हणजे डोक्याच्या रुंदीपेक्षा कमी असते. असा आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडे नीट पोचत नाही, डोक्याची सावली पडते. उलट 200 हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाची तरंगलांबी 1.7 मीटर, त्याला डोक्याचा अडथळा वाटतच नाही. म्हणून ब्रश, कागद, फणी, कुजबुज यांची दिशा आणि जवळीक ठसठशीत जाणवते. ढोलाची तशी जाणवत नाही.

या कसोटीवर आम्ही ऐकलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी बरीचशी नापास होतात. चांगली जी आहेत ती खरोखर कारागिरीने केलेली आहेत. त्यांत आवाज एका कानाकडून दुसरीकडे सावकाश सरकतो, मध्ये शांतता असते, आणि करणारा माणूस घाईत नसतो. राजस्थानातील पुष्कर येथील एका केशकर्तनकाराच्या चंपीची चित्रफीत जगभर पाहिली गेली. तिच्यात कोणतीही युक्ती नाही, केवळ तेलाच्या हातांचा आवाज आणि समोरच्या माणसाकडे पूर्ण लक्ष आहे. परंतु हल्ली ज्यांचा सुळसुळाट झाला आहे त्यांत एकाच दोन मिनिटांच्या तुकड्याचे वळसे जोडून आठ तासांची फीत केलेली असते, वर बासरीचे साखरपाणी ओतलेले असते, आणि मध्येच जाहिरात दुप्पट आवाजात कडाडते. झोपेसाठी बनवलेल्या वस्तूत माणसाला दचकवून उठवणारी योजना असावी, याला काय म्हणावे? शिवाय मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हे ऐकले तर डावे-उजवे एकत्र होऊन सारी कारागिरी वाया जाते. दोघा भावंडांनी एकेक इअरफोन वाटून घेतला तरी तेच. ऐकायचे ते उरत नाही, उरतो तो केवळ खसखसाट.

सर्वांत वाईट प्रकार ‘कंप्रतांच्या’ नावाखाली चालतो. ‘432 हर्ट्झने मन शुद्ध होते, 528 हर्ट्झने पेशी दुरुस्त होतात, डेल्टा लहरींनी गाढ झोप लागते’ असे मथळे सर्रास दिसतात. पहिल्या दोन विधानांना आधार नाही. तिसरे तर शब्दांची फसवणूक आहे. गाढ झोपेत मेंदूच्या विद्युत् हालचालीचा ताल सेकंदाला चारापेक्षा कमी वेळा असतो, त्याला डेल्टा म्हणतात, ही गोष्ट खरी. पण तो विद्युत् ताल आहे, आवाज नव्हे. आपल्या कानाला साधारण 20 हर्ट्झच्या खालचा सूर ऐकूच येत नाही. विज्ञानाचा शब्द घेऊन त्याचा अर्थ मागे ठेवून येणे, ही जुनीच युक्ती येथे नव्या वेष्टनात आली आहे.

आता त्या तीन दाव्यांकडे वळू. ताण हलका होणे हा दावा आम्हाला मान्य आहे, ज्यांना शिरशिरी येते त्यांच्यापुरता. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक जणांचा समावेश असलेल्या एका अभ्यासात चित्रफीत पाहिल्यावर मनःस्थिती सुधारल्याचे आणि उत्तेजन कमी झाल्याचे लोकांनी सांगितले. लाभ सर्वाधिक झाला तो शिरशिरी येणाऱ्यांनाच.

झोपेचे प्रकरण इतके सरळ नाही. वरच्या अभ्यासात झोप मोजलेली नव्हती, झोपेपूर्वीची अवस्था विचारलेली होती. एकसारख्या आवाजाने झोप सुधारते काय, याविषयीच्या संशोधनाचा आढावा 2021 मध्ये घेतला गेला तेव्हा पुरावा फारच दुबळा असल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही पावसाच्या आवाजात झोप लागते हा आपला अनुभव खोटा नाही, आणि त्याचे साधे कारण आहे. झोपमोड मुख्यतः अचानक होणाऱ्या बदलाने होते. खोली 25 डेसिबल शांत असताना 65 डेसिबलांनी कुत्रे भुंकले तर उडी 40 डेसिबलांची. पत्र्यांवर पावसाची 45 डेसिबलांची संततधार असेल तर तीच उडी 20 डेसिबलांची. पाऊस कुत्र्याला गप्प करीत नाही, त्याला झाकतो. पण हे झाकणे आहे, आणि यासाठी शिरशिरीची, कुजबुजीची, इअरफोनची काहीच गरज नाही. छताचा पंखा हे काम वर्षानुवर्षे विनातक्रार करीत आला आहे.

खरा प्रश्न येथे येतो. जवळा बाजार हे परभणीहून औंढा नागनाथमार्गे हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. रात्रभर वाहने चालू. लग्नसराईत डीजे. शेतीपंपाची लाइट रात्रीच्या पाळीची असली की मोठी मुले घरच्यांबरोबर पाणी द्यायला जातात. अशा मुलाला झोप लागत नाही, असे म्हणणे चूक आहे. त्याला झोप मिळत नाही. 13 ते 18 वयाच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप हवी, अशी झोपेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. ज्याला पाचच तास मिळतात त्याच्या कानात कुजबुज घालून उरलेले तास येणार नाहीत. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. काही ठरावीक सणांच्या दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, तेवढाच अपवाद. हे 2000 सालच्या नियमांत लिहिलेले आहे. शांत झोपेचा हा सर्वांत स्वस्त उपाय कोणी ध्वनिमुद्रित करून विकत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

जाता जाता एक गंमत सांगायला हवी. याच औंढा तालुक्यात दुधाळा गावाजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यासाठी जागा निवडली गेली, ती इतर कारणांबरोबर येथील जमिनीच्या शांतपणामुळे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिचे दोन बाहू प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीचे असणार असून प्रोटॉनच्या व्यासाच्याही कित्येक हजारपट लहान बदल तिला टिपायचा आहे. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची पहिली खूण टिपली. तिची कंप्रता योगायोगाने ऐकू येणाऱ्या पट्ट्यात होती. म्हणून शास्त्रज्ञांनी ती ध्वनीत बदलून ऐकवली, पाखराच्या टिवटिवीसारखी. जमिनीचे कंप आणि हवेतील आवाज या वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. पण ज्या तालुक्याची जमीन विश्वाची कुजबुज ऐकण्याइतकी शांत ठरली, त्याच तालुक्यातल्या मुलांना रात्रीची शांतता मोबाइलमधून आणावी लागावी, हे विचित्रच.

एकाग्रतेचा दावा तिन्हींत सर्वांत कच्चा आहे. अभ्यास करताना मागे कोणी बोलत असेल तर क्रमाने लक्षात ठेवण्याची शक्ती घटते, हे कोल आणि वेल्श यांनी 1976 मध्ये दाखवले. विशेष म्हणजे ते बोलणे ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत होते तरीही परिणाम झाला. कुजबुज हे बोलणेच आहे. सनावळ्या, सूत्रे, पाढे पाठ करताना कोणी कानाशी इंग्रजीत किंवा कोरियन भाषेत कुजबुजत असेल, तर लक्ष लागल्यासारखे वाटेल, पण पाठ कमी होईल. एकसुरी खळखळाट त्या मानाने निरुपद्रवी असतो. तोही सर्वांना सारखा नाही. स्वीडनमधील 2007 च्या एका अभ्यासात अवधान टिकवण्यात अडचण असलेल्या मुलांना अशा आवाजाने मदत झाली, तर इतर मुलांची कामगिरी उलट घसरली. आम्ही तर म्हणू, अभ्यासाच्या वेळी शब्द असलेले काहीही नको.

या चर्चेत कोणीतरी हमखास म्हणते की आपल्या पूर्वजांना हे सारे माहीत होते, जात्यावरच्या ओव्या म्हणजे आपला एएसएमआरच. हे आम्हाला मान्य नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या चाळणाऱ्याला कळते की तेथे माहेर आहे, सासुरवास आहे, दुष्काळ आहे, विठोबा आहे आणि आंबेडकरही आहेत. पहाटे तीन-चारला उठून दळणारी बाई विश्रांती घेत नव्हती, कष्ट हलके करीत होती. तिच्या मांडीवर झोपणाऱ्या पोराला ती घरघर गुंगवत असेल, पण तेवढ्यावरून तिच्या शब्दांना झोपेचे औषध म्हणणे हा तिचा अपमान आहे. अंगाईचेही तसेच. तिच्यात सूर आहे, ताल आहे, ओळखीचा कंठ आहे. शिरशिरीच्या मुद्रणात यांतले काही नसते. साम्य एकच, कोणीतरी फक्त आपल्याकडे लक्ष देत आहे ही जाणीव. मुद्रणात तीही उसनी.

मग वापरू नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. ज्याला शिरशिरी येते त्याने ताण आल्यावर दहापंधरा मिनिटे ऐकावे, त्यात वाईट काही नाही. आवाज इतका कमी ठेवावा की खोलीतले साधे बोलणे त्यातून ऐकू येईल. मुलांसाठी आठवड्याला 40 तास 75 डेसिबल ही सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली आहे. कुजबुज मूळची 30 डेसिबलांची असते, तिला त्याच्या जवळपासही नेण्याचे कारण नाही. इअरफोन कानात ठेवून झोपू नये, फीत आपोआप बंद होईल अशी वेळ लावावी, आणि मोबाइल पालथा व हाताला न लागेल असा ठेवावा. बरेचदा फीत संपत नाही, पुढची सुरू होते, आणि ‘झोपेसाठी’ घेतलेला फोन तासभर झोप खातो.

वर्गात ध्वनिवर्धकावर असे आवाज लावून ‘सगळे शांत व्हा’ म्हणणे मात्र टाळावे. काही मुलांना चघळण्याचे, कुजबुजीचे, पेन टकटकवण्याचे आवाज असह्य होतात. चिडून, रडवेली होऊन ती बाहेर पळू पाहतात. याला 2001 पासून ‘मिसोफोनिया’ असे नाव आहे. एकाला गुंगवणारा आवाज त्याच बाकावरच्या दुसऱ्याला छळणारा असू शकतो. आणि जो विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे झोपत नाही, त्याला ध्वनिमुद्रण सुचवून मोकळे होऊ नये. त्याच्या घरी जावे, डॉक्टरांकडे पाठवावे.

ज्या शिक्षकांना हा विषय विज्ञान प्रदर्शनासाठी घ्यावासा वाटेल त्यांनी महागडी मुद्रणे शोधू नयेत. सुपात ज्वारी पाखडण्याचा, चाळणीत पीठ हलवण्याचा, वाळलेली हळद एका पोत्यातून दुसऱ्यात ओतण्याचा, फडा अंगणातून फिरवण्याचा आवाज विद्यार्थ्यांनी दोन मोबाइल डोक्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर ठेवून स्वतः टिपावा. दोन्ही मुद्रणे तंतोतंत जुळवणे कठीण जाईल. सुरुवातीला एक टाळी वाजवून ठेवली तर सोपे होते. मग जे मुलगे-मुली तयार असतील त्यांनी महिनाभर वही ठेवावी. रोज रात्री नाणे उडवायचे. छापा आला तर दहा मिनिटे ऐकायचे, काटा आला तर नुसतेच पडून राहायचे. सकाळी अंदाजे किती वेळाने झोप लागली आणि किती वाजता जाग आली ते लिहायचे. नाणे का उडवायचे, आपल्या मर्जीने दिवस का निवडायचे नाहीत, यावर वर्गात एक तास सहज जाईल. दुसऱ्याची वही महिना संपेपर्यंत पाहायची नाही. आणि ज्या रात्री गावात वरात होती, लाइट गेली होती किंवा शेतात पाण्याची पाळी होती, त्या रात्रीची नोंद गाळायची नाही. ती वेगळ्या शाईने लिहायची.